मासा आणि त्याचे पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

मासा हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी काहींच्या तोंडाला पाणी सुटेल, तर काहींना नाकाला पदर लावावासा वाटेल. आमच्या हुमनाबादेत या दोन्ही पंथांचे लोक सुखाने शेजारी-शेजारी नांदतात. आज मात्र मला तिसऱ्याच एका पंथाविषयी बोलावयाचे आहे. हा पंथ मासे खाणाऱ्यांचा नव्हे आणि न खाणाऱ्यांचाही नव्हे. तो मासे पाहणाऱ्यांचा. तळ्याच्या पायरीवर बसावे, मूठभर चुरमुरे पाण्यावर टाकावेत, आणि खालच्या अंधारातून एखादे मोठे तोंड सावकाश वर येऊन ते चुरमुरे मिटकावीत असताना सगळी कामे विसरावीत, एवढीच या पंथाची उपासना. मी या पंथात वयाची साठी उलटल्यावर शिरलो. तेथे मी काय शिकलो, आणि कोणत्या किमतीला शिकलो, ते आज सांगणार आहे.

हुमनाबाद हे मुंबई-हैदराबाद हमरस्त्यावरचे तालुक्याचे गाव. समुद्र आमच्यापासून दूर, मोठी नदी गावातून वाहत नाही. आमचे पाणी विहिरींचे, आडांचे आणि पावसाच्या मर्जीचे. अशा गावी घरच्या हौदात मासे पाळण्याची हौस मला सुचली असती असे नाही. पण २०१२ साली हैदराबादेस नोकरी करणारा माझा पुतण्या दिवाळीला आला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच मासे घेऊन. प्रत्येक मासा बोटाएवढा. दोन पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेले, एक सोनेरी, एकावर तांबड्याबरोबर काळ्या शाईचे शिंतोडे आणि एक नुसताच राखी. "काका, हे कोई मासे. जपानी आहेत. तुमच्या मागच्या हौदात सोडा," असे तो म्हणाला. (आपल्या बंगाली बांधवांचा आवडता कोई मासा निराळा, हा कार्प कुळातला.) परसात आडाशेजारी जुना हौद होता. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल; म्हणजे साडेसात हजार लिटर पाण्याचा. पूर्वी त्यातून बागेला पाणी जात असे. त्यात हे पाच पाहुणे उतरले.

आता काचेच्या पेटीतले मासे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ते बाजूने पाहावयाचे असतात. कोई मासा मात्र वरून पाहण्यासाठी आहे. त्याचे सारे सौंदर्य पाठीवर. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठीच जणू ते मांडलेले असते. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, रुंद खांदे, आणि शेपटीपर्यंत निमुळते होत गेलेले अंग. तो पाण्यातून जातो तेव्हा पोहतो असे वाटत नाही. पाणीच त्याला वाट करून देते असे वाटते. माझे मासे दोन-तीन वर्षांत दोन वितींचे झाले. सर्वांत मोठा, तांबड्या-पांढऱ्या रंगाचा, चौथ्या वर्षी अडीच वीत भरला. आणि लहान मासा व मोठा मासा यांत नुसता मापाचा फरक नसतो, हे मला तेव्हा कळले. लहान मासा चंचल असतो. तो आपली करमणूक करतो. मोठा मासा संथ असतो. तो आपल्याला संथ करतो.

माझ्या पावलांचा आवाज ऐकून हे मासे काठाशी गोळा होत. प्रथम मला हा माझा भ्रम वाटला. पुढे वाचनात आले की, कार्प कुळातील माशांच्या अंगात वाताशय आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची एक साखळी असते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. या साखळीमुळे त्यांना पुष्कळ चांगले ऐकू येते. तेव्हा गुरुजी आले हे त्यांना खरोखरच कळत होते. माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात माझे पाऊल ऐकून इतक्या आनंदाने कोणी जमा झाल्याचे मला आठवत नाही!

या माशांचा पूर्वेतिहासही मनोरंजक आहे. जपानच्या निइगाता प्रांतात डोंगराळ भागातील शेतकरी भातखाचरांच्या पाण्यात साधे काळपट कार्प मासे पाळीत. थंडीत बर्फाने वाटा बंद झाल्या की तेच त्यांचे अन्न. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या माशांत अधूनमधून एखादा तांबडा किंवा पांढरा डाग असलेला मासा निपजू लागला. तो न खाता कोणी वेगळा ठेवला. मग तसल्या दोघांची वीण घेतली. अशा रीतीने पिढ्यानपिढ्या निवड होत होत कोई जात घडली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले, काही राजवाड्यातही पोचले, आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांची ही हौस देशाला माहीत झाली. जपानी लोक त्यांना 'निशिकीगोई' म्हणतात. म्हणजे किनखापी कार्प. आज त्यांच्या किमती ऐकून आपण थक्क होऊ. २०१८ साली हिरोशिमा येथील लिलावात एक कोई वीस कोटी येनांहून अधिक किमतीला गेली.

परंतु श्रोतेहो, मला त्या किमतीपेक्षा दुसरी एक हकीकत अधिक मोलाची वाटते. २३ ऑक्टोबर २००४ रोजी त्याच निइगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. कोईची पंढरी समजले जाणारे यामाकोशी हे डोंगरातले गाव दरडींनी चहूकडून तुटले. माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, सगळे गाव रिकामे झाले. तळी फुटली, पाण्याचे झरे तुटले, असंख्य मासे मेले. माणसे सुरक्षित झाल्यावर तेथील शेतकऱ्यांनी उरलेल्या निवडक माशांचा ध्यास घेतला, आणि ते मासेही हेलिकॉप्टरने खाली आणले गेले. ज्याने मासा जन्माला घातला त्याने त्याच्या पाण्याचीही काळजी वाहिली पाहिजे, असाच त्यांचा बाणा दिसतो.

आता जपानातून आपल्या घरी येऊ. कारण मासे पाहण्याची आणि त्यांना खाऊ घालण्याची विद्या आम्हाला परकी नाही. हुमनाबादेहून तासाभराच्या अंतरावर बसवकल्याण आहे. ही उत्तर चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद करणारा हाच तो ग्रंथ. म्हणून मराठी माणसाला तो जवळचा. राजाने कोणकोणत्या गोष्टींत मन रमवावे हे सांगताना सोमेश्वराने 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच लिहिले आहे. त्यात त्याने गोड्या व खाऱ्या पाण्यातील पस्तिसेक प्रकारच्या माशांची नावे दिली आहेत. त्यांची वस्ती, आकार, खवले असणे-नसणे यांची वर्गवारी केली आहे. आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते हेही सांगितले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनी संपादित केला, आणि सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास करून त्याचे महत्त्व जगाला दाखविले. आठ-नऊशे वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावी बसून एक राजा माशांकडे इतक्या बारकाईने पाहत होता, याचा मला अभिमान वाटतो. पण एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. राजा माशांना चारा घालतो तो गळाला लावण्यासाठी. त्याचे निरीक्षण मोठे, पण त्याचे प्रेम गळाच्या टोकाशी संपते.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. त्यात महाशीर जातीचे मोठमोठे मासे आहेत. हे मासे देवीचे. म्हणून त्यांना कोणी धरीत नाही. लोक येतात, काठावरून चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पाण्यावर उसळताना पाहून परत जातात. दख्खनच्या नद्यांतील महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. त्या वेळी पुण्याच्या नदीत तो मासा होता; आज त्या नदीची दशा आपणास ठाऊक आहे. जेथे डोह राखला गेला तेथे मासा राहिला. देवीने मासा राखला असे म्हणा, वा लोकांनी देवीच्या नावाने पाणी राखले असे म्हणा. माझ्या मते दोन्ही विधानांचा अर्थ एकच.

येथे माझ्या स्वतःच्या हौदाकडे वळणे भाग आहे, कारण पाणी राखण्याचा धडा मला तेथेच मिळाला.

कोई मासा पुष्कळ खातो आणि तितकीच घाण करतो. त्याच्या मलमूत्रातून अमोनिया पाण्यात उतरतो. वाळू-खडीच्या गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर करीत असतात. तरीही आठवड्यास पाचवा हिस्सा पाणी बदलावे लागते. माझ्या हौदाचा पाचवा हिस्सा म्हणजे दीड हजार लिटर. आमच्या घरच्या घागरीने मोजले तर शंभर घागरी. आडाला पाणी होते तोवर हा हिशेब कधी मनात आला नाही. जुने पाणी केळी-कर्दळींना जाई आणि आपण काही वाया घालवीत नाही, असे मी अभिमानाने सांगत असे.

मग २०१६ चा उन्हाळा आला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी धावली, हे आपणास आठवत असेल. लातूर आम्हाला फार दूर नाही. आकाश तेच, पाऊसही तोच. आमच्या गल्लीतही टँकरची वाट पाहत घागरी रांगेने बसू लागल्या. आमच्या आडाने तळ दाखविला, पण हौद भरलेला होता. मी पाणी बदलणे थांबविले, खाद्य कमी केले, हौदावर सावलीसाठी ताडपत्री ओढली. ती ताडपत्री उन्हासाठी होती असे मी घरात सांगितले. खरे कारण निराळे होते. रांगेतल्या माणसांना तो हौद दिसू नये, अशी माझी इच्छा होती.

एके सकाळी शेजारच्या अक्का घागर घेऊन मागच्या दारी आल्या. ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने उडाला होता. त्यांनी आत पाहिले, क्षणभर त्या माशांकडे कौतुकानेही पाहत राहिल्या असाव्यात, मग म्हणाल्या, "काय ओ गुरुजी, तुमचे मासे पाण्यात अन् आम्ही रांगेत!" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते. माशांचे पाणी पिण्यालायक नसते, हे खरे. पण भांडी घासण्याला, गुरांना, मोरीला ते चालले असते. हे सर्व मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी ताडपत्री ओढली होती.

त्याच दिवशी मी ठरविले. गावाबाहेर ओळखीच्या एका शेतकऱ्याचे शेततळे होते. त्याच्या कूपनलिकेला अजून पाणी होते. मासे तेथे हलवावयाचे आणि हौद गल्लीला मोकळा करावयाचा. निर्णय योग्य होता, पण तो मी घाईने अमलात आणला. भर दुपारी टेम्पोत एक पिंप ठेवले आणि त्यात तीन मासे एकदम घातले. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर तीस अंशांना साडेसात; आणि त्याच वेळी माशाला मात्र तो अधिक लागतो. हे साधे गणित मी वर्गात मुलांना शिकविलेले होते. शेततळ्यावर पोचलो तेव्हा अडीच वितींचा तांबडा-पांढरा मासा पिंपात आडवा झालेला होता. त्याला पाण्यात धरून मी पुष्कळ वेळ पुढे-मागे हलविले. त्याचे कल्ले दोनदा हलले, मग हलले नाहीत. माशाला पापणी नसते. तो मेला तरी आपल्याकडे पाहतच असतो. हा दोष ना दुष्काळाचा, ना टेम्पोवाल्याचा. तो सर्वस्वी माझा. उरलेले दोन मासे मी सायंकाळी, निम्म्या पाण्याच्या पिंपात, एकेक करून नेले. ते चारही जगले.

हौदाचे पाणी आठवडाभर गल्लीला पुरले. अक्का रोज दोन घागरी भांड्यांसाठी नेत. मासा मेल्याचे त्यांना कळले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घागर न घेताच येऊन माझ्या पत्नीजवळ घटकाभर बसून गेल्या.

श्रोतेहो, शतपथ ब्राह्मणात मनू आणि मासा यांची एक कथा आहे. हात धुण्याच्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक इवला मासा येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. मनू त्याला आधी कुंभात ठेवतो. कुंभ पुरेनासा झाला की खड्ड्यात. खड्डा पुरेनासा झाला की समुद्रात सोडतो. पुढे प्रलय येतो आणि तोच मासा मनूची नौका ओढून नेतो. लहानपणी ही कथा ऐकताना माझे लक्ष प्रलयाकडे असे. आता ते कुंभ आणि खड्डा यांकडे असते. माशावर प्रेम करणे म्हणजे त्याच्यासाठी उत्तरोत्तर मोठे पाणी शोधीत जाणे, असे त्या कथाकाराला सांगावयाचे असावे. जो नुसता मासा पाहतो आणि पाण्याचा हिशेब ठेवीत नाही, त्याचे पाहणे अर्धवट होय. तो मीच होतो.

याचा अर्थ कोणीही उठून आपले मासे गावच्या तलावात सोडावेत असा मात्र नव्हे. ही चूक दयाबुद्धीने पुष्कळ लोक करतात. परका मासा देशी माशांची जागा घेतो. उजनीच्या जलाशयात चिलापीने काय केले ते तेथील कोळी बांधवांना विचारावे. कोई ज्या कार्पची जात, तो कार्प १९३९ साली निलगिरीत आणि १९५७ साली बँकॉकहून कटकला आणला गेला. आज मासळीबाजारात त्याला 'सायप्रिनस' म्हणतात. तो तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. बंदिस्त शेततळ्यात त्याने काही बिघडत नाही. वाहत्या ओढ्यात आणि जुन्या तलावात बिघडते. तेथे आपले रोहू, मरळ आणि महाशीर हेच शोभतात.

त्या वर्षी पाऊस आला, आड भरला, पण मी मासे परत आणले नाहीत. हौदाला आता छपराचे पावसाचे पाणी जोडले आहे, आणि तो गल्लीचा हौद झाला आहे. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे आहेत. त्यांना ना रंग, ना रुबाब. पण काम चोख. रविवारी मी शेततळ्यावर जातो. तेथे त्या शेतकऱ्याची मुले असतात, वाटेने जाणारे गुराखी असतात, कधी अक्कांचा नातूही माझ्याबरोबर येतो. चुरमुरे टाकले की तळाच्या गढूळ पाण्यातून आधी सोनेरी पाठ वर येते, मग बाकीचे. शेततळ्यातले मोकळे पाणी मिळाल्यावर ते माझ्या हौदात कधी वाढले नसते इतके वाढले. सोनेरी मासा आता त्या मेलेल्याहून मोठा आहे. सगळे एकदम "आला, आला!" म्हणून ओरडतात. पूर्वी मी एकटा पाहत होतो, आता दहाजण पाहतात. आणि माझा आनंद दहा वाटे होऊन कमी झाला आहे, असे मला वाटत नाही.

आपल्याही गावी एखादा जुना तलाव, कुंड, बारव किंवा आड असेल. उद्या वेळ काढून तेथे जा आणि काठावरून आत डोकावून पाहा. मासा दिसला तर त्याला दोन चुरमुरे टाका. आणि दिसला नाही, तर का दिसला नाही याची चौकशी करा. ती चौकशी बहुधा पाण्यापाशीच जाऊन पोचेल.